शांत खोलीतला ओळख कार्यक्रम

घरात आम्ही सगळे तिला चिमणी म्हणतो, आणि ती चिवचिव म्हणून करत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणा हवं तर. गणितात हुशार, पण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ताटल्या आदळल्या की कान दाबून मटकन खाली बसते. पहिलं सत्र संपायच्या आतच तिने मला सांगून टाकलं, "मावशी, मी कॉलेज सोडतेय." तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्याच कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मी उपप्राचार्यांच्या हात धुवून मागे लागले. माझी कटकट टळावी म्हणूनच असेल, पण भूगोलाच्या जुन्या नकाशांची खोली त्यांनी रिकामी करून दिली. दारावर पाटी लागली : शांत खोली.

चिमणी तिथे टिकली. हळूहळू तिच्यासारखी आणखी चार-पाच मुलं येऊ लागली. त्यांनी आपसातच एक रीत पाडली. खुर्ची भिंतीकडे वळवली, तर आज माझ्याशी बोलू नका. खोलीकडे वळवली, तर चालेल. बहुतेक दिवशी सगळ्यांची तोंडं भिंतीकडेच. लंबू म्हणून एक मुलगा होता, तो लिफ्टची चित्रं काढायचा. एक मुलगी विणत बसायची आणि चिमणी रोज तिच्याच शेजारी गणितं सोडवायची. लोकर संपत आली की चिमणी वर न बघताच पिशवीतला पुढचा गुंडा तिच्याकडे सरकवायची. दाराच्या काचेतून हे बघितलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

पण सुरळीत चाललेलं कोणाला बघवतं का? एकदा उपप्राचार्य पाहणीला आले. नुसत्या पाठीच पाठी बघून त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, ही मुलं तर एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. यांची मैत्री व्हायची कशी?"

"झालीय की सर. यांची अशीच असते."

"तुम्ही तिच्या मावशी, तुम्हाला तसं वाटणारच. आपण काहीतरी करू या."

या 'काहीतरी करू या'चा मी धसका घेतलाय. आळशी साहेब एक वेळ परवडला, पण उत्साही साहेबापुढे हात टेकावे लागतात. मी चिडले, भांडले, शेवटी नाकदुऱ्या काढल्या, "निदान मुलांना तरी विचारा!" सर हसले. म्हणाले, "लाजाळू मुलांना विचारलं तर ती नाहीच म्हणणार." उंटावरचे शहाणे!

झाला ओळख कार्यक्रम. त्याच खोलीत, खुर्च्या गोल मांडून, बाकीचे प्राध्यापक आणि फोटोग्राफर बोलावून. वर माईक! कुजबुजलं तरी पलीकडे ऐकू जाईल अशा खोलीत माईक कशाला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तो पहिल्यांदा किंचाळला तेव्हाच लंबू उठून गेला. विणणारी मुलगी तोंड झाकून बसली. सरांनी माईक चिमणीपुढे धरला.

"सांग बेटा, इथे तुला कसं वाटतं?"

"आत्ता वाईट वाटतंय."

चिमणीला खोटं बोलता येत नाही. लोकांना वाटलं, पोरीने विनोद केला. आधी हशा पिकला, मग टाळ्यांचा कडकडाट. चिमणी कान दाबून जी बाहेर पडली ती थेट घरी गेली. त्या दिवसापासून तिने कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही.

त्या खोलीत आता गप्पांचे खेळ चालतात. ज्यांना कॅन्टीनही चालतं अशीच मुलं येतात आणि मजा करतात. सर भेटले की म्हणतात, "बघा मॅडम, खोली कशी जिवंत झाली!" तेव्हा हातातली परीक्षानळी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटते.

परवा बहिणीकडे गेले होते. ती बिचारी समजावून थकली होती, अखेर चिमणीवर करवादली, "अगं, कोणाशी एक शब्द बोलायची नाहीस तिथे. मग त्या खोलीवाचून एवढं काय अडलंय तुझं?"

"तिथे मला मैत्रीण होती," चिमणी म्हणाली.

बहीण चमकली. एकदम मऊ आवाजात तिने विचारलं, "हो? नाव काय गं तिचं?"

"ते विचारायचं होतं अजून."