समुद्राकडची भिंत

मोजणी करणारी मुलगी आली तेव्हा मिस्त्री दारातच उभा राहिला. तो आत गेला असता तर तिला वळायला जागा उरली नसती. तिच्या हातात साबणाच्या वडीएवढं एक यंत्र होतं. ते तिनं एका भिंतीला टेकवलं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला आणि आकडा आला. चाळीस वर्षांचं घर चहा निवायच्या आत मोजून झालं.

"दोनशे पंच्याण्णव फूट," ती म्हणाली.

"तीनशे एक. मूळ नकाशात तसं लिहिलंय."

"काका, मी नकाशा मोजायला नाही आले. खोली मोजायला आलेय."

ती पुढच्या दाराकडे गेली. मिस्त्री भिंतीकडे बघत राहिला.

ही जुनी चार मजली इमारत पाडून तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहायचा होता. समुद्र दिसणारे मजले सुट्टीपुरते येणाऱ्यांना विकायचे आणि मागचे, खालचे मजले जुन्या रहिवाशांना द्यायचे असं ठरलं होतं. ज्याची जागा तीनशे फूट किंवा जास्त भरेल त्याला दोन खोल्या, ज्याची कमी भरेल त्याला एक.

मिस्त्रीला दुसरी खोली हवी होती. बायकोला दमा होता. ती रात्रभर उशाशी टेकून बसायची आणि खोकायची. त्याची मुलगी समुद्रासमोरच्या हॉटेलात खोल्या आवरायची. तिला पहाटे पाचला उठावं लागे. एकीचा खोकला आणि दुसरीची झोप एकाच खोलीत पंधरा वर्षं एकमेकींना सांभाळून घेत होत्या. मध्ये एक भिंत आणि तिला एक दार, एवढंच त्या घराचं मागणं होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात भेटला. "मिस्त्री, सहा फूट गेले कुठे? भरतीत वाहून गेले की काय?"

ते कुठे गेले हे मिस्त्रीला ठाऊक होतं.

समुद्राकाठच्या घरांना लोणा लागतो. खारा वारा विटेत शिरतो, गिलावा फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि हात फिरवला की बोटांना पांढरं पीठ लागतं. या गल्लीतल्या निम्म्या भिंतींवर मिस्त्रीची थापी फिरलेली होती. कामाची रीत अशी, की जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा, वीट धुवायची, सुकू द्यायची आणि मगच नवा हात मारायचा. दुसऱ्याच्या घरात त्यानं ही रीत कधी मोडली नाही. घाई करणाऱ्या मालकाला तो सरळ सांगायचा, "तुम्हाला भिंत हवी की रांगोळी?"

स्वतःच्या घरात मात्र तो छन्नी लावायचा आणि धूळ उडाली की बायको खिडकीचा गज धरून श्वास शोधायची. तिला न्यावं असं दुसरं ठिकाण नव्हतं. मग तो जुन्याच गिलाव्यावर पकडीपुरते टाचे मारून वर नवा थर चढवायचा. दर दहा वर्षांनी एक, असे चार थर झाले. एकेक थर पाव इंचाचा. खोली आतून लहान होत होती आणि आल्यागेल्याला बायको कौतुकानं सांगत होती, "हात फिरवून बघा, कसा लोण्यासारखा लागतो!"

सेक्रेटरीला हे कळल्यावर तो हसायचा थांबेना. "म्हणजे घर तुम्हीच गिळलंत!" मग जरा ओशाळून म्हणाला, "फेरमोजणीचा अर्ज द्या. आठ दिवस आहेत. भिंत जशी दिसेल तशी मोजतात ते."

समोरचे भाडेकरू आधीच निघून गेले होते. त्यांच्या रिकाम्या खोलीत बायकोची खाट हलवली, दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं आणि मिस्त्रीनं छन्नी उचलली.

पाच दिवसांत तीन भिंती उघड्या झाल्या. वरचा थर हात लावताच सुटायचा. तो साठी उलटल्यावर मारलेला होता. खालचा, तिशीतला, दगडासारखा बसला होता. स्वतःच्याच तरुणपणीच्या हातानं त्याला घाम फोडला. उजवा खांदा तिसऱ्या दिवशी बोलायला लागला आणि चौथ्या दिवशी गप्प झाला, म्हणजे वर जाईना. मुलगी सुट्टीच्या दिवशी मलबा गोणीत भरून बाहेर ओढत होती.

"हॉटेलात लोक वाळूचे चार कण सांडले तर तक्रार करतात," ती म्हणाली. "त्यांना इथे आणायला हवं एकदा."

"आण. गोण्या उचलायला माणसं कमीच आहेत."

चौथी भिंत समुद्राकडची. तीन भिंतींनी चार फूट परत दिले होते. हिनं एक दिला की झालं. मिस्त्रीनं पहिला घाव घातला आणि तो थांबला. आवाज पोकळ आला होता. दुसरा घाव हळूच घातला. छन्नी मनगटापर्यंत आत गेली. बाहेर काढली तर मागून लाल भुकटी ओघळली, पोत्याला भोक पडावं तशी.

वीट उरलीच नव्हती. चाळीस वर्षं वारा ती बाहेरून खात होता. त्या जागी जे काही उभं होतं ते त्याच्या चार थरांवर उभं होतं. वरच्या खोलीत निवृत्त शिक्षिका राहायच्या आणि त्यांचा पलंग याच भिंतीला लागून होता.

मुलीनं वाकून पाहिलं. "बाबा, वर्षभरात पाडणारच आहेत."

"वर्षभर त्यांना वर झोपायचंय."

"थोडंसंच काढा ना. वरवरचं."

"या भिंतीला वरवरचं असं काही राहिलेलं नाही, पोरी."

गोणीचं तोंड तिनं इतकं आवळून बांधलं की सुतळी तुटली.

मिस्त्रीनं घट्ट माल कालवून भोक बुजवलं. मग जिना चढून शिक्षिकाबाईंचा पलंग त्यांच्या कुरकुरीसकट दुसऱ्या बाजूला सरकवून दिला आणि सेक्रेटरीला भिंत दाखवली. सेक्रेटरी या वेळी हसला नाही.

आठव्या दिवशी मोजणीवाली आली. तिनं यंत्र टेकवलं, आकडा बघितला, पुसला आणि पुन्हा टेकवलं.

"दोनशे नव्व्याण्णव. काका, एक फूट हो! ही भिंत का सोडलीत?"

"हिच्यावर माणसं राहतात."

तिनं भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"मग लिहा ना. मी कुठे हात धरलाय तुमचा?"

तिनं लिहिलं. जाताना दार आपल्यामागे अगदी हळू लावून घेतलं.

दुपारी बायकोची खाट परत आणली. ती उघड्या विटांमध्ये बसून चारी बाजूंना बघत राहिली. "किती भरलं?"

"एक कमी."

"एका फुटात माझा एक पायसुद्धा नीट पसरत नाही. जाऊ द्या." ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. विटांची भुकटी खोलीभर तरंगत होती. मुलीनं पाणी दिलं, पाठ चोळली. बापाकडे मात्र पाहिलं नाही. खोकला थांबायला बराच वेळ लागला.

मिस्त्री बाहेर गेला. वाळूची चाळण घेऊन आला आणि दारात बसून चाळू लागला.

"अहो, आता हे कशाला? वर्षभरासाठी?"

"वर्षभर तुला श्वास घ्यायचा नाही का?"

तिनं उघड्या विटेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पातळ मारा हो. घर अजून लहान व्हायचं."

मुलीला नको असताना हसू आलं. तिनं तोंड फिरवलं, बादली उचलली आणि पाणी आणायला गेली. मिस्त्रीनं थापी उजव्या हातात धरून पाहिली. खांदा वर जाईना. मग ती डाव्या हातात घेतली आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली.