झऱ्याचं पाणी मला मिळेना

या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. धाराशिवला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, जे दिसेल तेवढंच लिहायचं. भूत, बाधा, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते मी एकटीनं पाहिलेलं नाही, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

माझं माहेर तामलवाडी, सासर बेंबळी. लग्न उशिरा झालं आणि बिजवराशी झालं. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांची पहिली बायको उज्वला काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. मी घरात आले तेव्हा तिच्या साड्या तिच्या बहिणीला देऊन झाल्या होत्या, फोटोही भिंतीवरून काढला होता. तरी घरात सगळीकडं तीच. मी भाकरी थापायला बसले की सासूबाई म्हणणार, "उज्वलाची भाकर कशी टम्म फुगायची." मुद्दाम टोचून नाही हो, सहज. त्यानंच जास्त लागायचं. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेल्या बाईचं काय करणार?

आमच्याकडं बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. त्यामुळं पिण्याचं पाणी झऱ्याचं. बेंबळीहून धाराशिवकडं निघालं की पुढं एक चढ लागतो. तिथं रस्त्याच्या कडेला, उंबराच्या झाडाखाली, काळ्या खडकातून पाणी येतं. कुणीतरी फटीत लोखंडी पाइप ठोकलाय. करंगळीएवढी धार, पण भर उन्हाळ्यातही तुटत नाही. येणारे-जाणारे गाड्या थांबवून कॅन भरतात.

दर रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर जायचो. मी गाडीपाशी उभी, कॅन तेच भरायचे. भरायच्या आधी पहिली ओंजळ खडकावर सोडायचे. एकदा विचारलं, "हे कशासाठी?"

"उज्वला सोडायची. सवय लागली."

म्हणजे पाणीसुद्धा तिचंच! त्या दिवशी मी घरी येऊन बोअरचंच पाणी प्यायले. रागानं.

मग एका रविवारी त्यांना शाळेच्या कामानं जावं लागलं. मी म्हटलं, मी आणते. दुपार उतरल्यावर स्कूटी काढून एकटीच गेले. झऱ्यावर शेळ्या राखणाऱ्या एक मावशी हंडा भरत होत्या. धार नेहमीसारखी. त्यांचा हंडा भरला, मी कॅन लावला... आणि धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही बंद.

कॅन काढला. पाणी सुरू!

पुन्हा लावला. बंद. बाटली लावून पाहिली, नुसती ओंजळ धरली. माझा हात पुढं गेला की पाणी थांबायचं. पाइपात बोट घालून पाहिलं, कचरा नव्हता. मावशींनी मला बाजूला सारून आपला तांब्या धरला. भरला की गच्च.

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "म्या जन्मापास्नं इथं शेळ्या चारते बाई, असं कवा बघितलं न्हाय. तू कुणाची गं?"

"मास्तरांची."

"नवी व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि शेळ्या हाकत निघाल्या. घाईघाईनं.

मी रिकामा कॅन घेऊन घरी आले. सांगितलं, झरा आटला. सासूबाईंना पटेना. "कसा आटंल? उज्वला तर वैशाखातबी आणायची की." मी आत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी ह्यांनी खोदून विचारल्यावर खरं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला गाडीवर बसवलं आणि झऱ्यावर नेलं. त्यांनी ओंजळ धरली, भरली. "आता तू धर." मी कॅन पुढं केला. धार तुटली. त्यांच्या डोळ्यांदेखत!

ते पुढं झाले. मग खडकाजवळ उकिडवे बसले, ओल्या दगडावर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उजू... असं काय करायलीस गं? भरू दे तिला. तीबी माझीच हाय."

पाइपात गुडगुडलं. आणि असं पाणी आलं की माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. कॅन बघता बघता भरला.

भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. मला ऐकू येत होतं ते फक्त "उजू". हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि तो आवाज! लग्नाला दोन वर्षं झाली होती, माझ्याशी ते त्या आवाजात कधी बोलले नव्हते.

परतताना न राहवून म्हटलं, "मला अशी हाक कधी मारली न्हाई तुम्ही."

गाडी चालवता चालवताच म्हणाले, "ती रुसायची लई. तशी हाक मारल्याबिगर ऐकायचीच न्हाय. तू कुठं रुसतीस?"

त्यांच्या पाठीमागं बसून मी तेव्हा रुसलेलीच होते. त्यांना कळलं नाही.

बोअरची कामं करणाऱ्या एका ओळखीच्यांना विचारलं. म्हणाले, पाइपात हवा धरली असेल. असेल. पण ती हवा मावशींच्या तांब्याला सोडून फक्त माझ्याच हाताला कशी अडायची, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर सांगा.

आता झरा मला अडवत नाही. दर रविवारी मीच जाते, स्कूटीवर. हे म्हणतात, "कॅन जड हाय, मीबी येतो की."

मी त्यांना येऊ देत नाही.