डोंगराचं गाणं आणि मावशींचं सारवण

विज्ञानाचा धडा मी वाचून दाखवत नाही, गाऊन दाखवते. बाष्पीभवन ठेक्यात, पचनसंस्था पोवाड्यात, आणि बेडकाचं जीवनचक्र असेल तर मी स्वतः बाकावरून उडी मारते. या वयात, या गुडघ्यांनी! गाणी माझी, चाली माझ्या आणि ढोलकीच्या जागी वाजणारा तेलाचा रिकामा डबाही माझाच. हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या अंगाला एका वाडीत माझी शाळा होती. तिथे एसटी मनात आलं तर यायची आणि मोबाईलला रेंज झाडाखाली एका पायावर उभं राहिलं तर मिळायची. त्यामुळे माझा तास सुरू झाला की निम्मी वाडी खिडकीशी. मला काय, प्रेक्षक म्हणजे प्रेक्षक.

मग एका पावसाळ्यात मी डोंगराचं गाणं केलं आणि खिडकी रिकामी झाली.

सुरुवात मजेची होती. एक परात तिरकी धरली, तिच्यात माती थापली आणि तांब्याने वरून हळूहळू पाणी सोडत राहिले. माती पाणी पीत राहिली. काही होईना. पोरं जांभया द्यायला लागली. आणि मग ती सगळी माती, एका अंगाने, एकदम खाली आली.

"बाई, काय आवाज बी न्हाई केला तिनं," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"म्हणून आपण आधी विचारायचं," मी म्हटलं आणि डब्यावर थाप मारली:

झरा गढूळ का रं झाला, सांग डोंगरा, सांग
दार चौकटीत का रं अडलं, सांग डोंगरा, सांग
पोटात पाणी किती प्यालास, सांग डोंगरा, सांग
उठायच्या आधी हाक मार रं, सांग डोंगरा, सांग

पोरांनी ते उचललं. गुरांमागे तेच, पाणवठ्यावर तेच. वर ढग उतरलेले, डोंगर अर्धा दिसतोय अर्धा नाही, आणि धुक्यातून बारीक आवाजात 'सांग डोंगरा, सांग'. माझ्याच अंगावर काटा यायचा. भाताच्या आवणीहून परतणाऱ्या बायका मला आडव्या आल्या. "बाई, असलं अभद्र शिकवू नगा. डोंगराला हाका मारू न्हाई. त्यानं ओ दिली म्हंजी?"

वाडीतलं सगळ्यात वरचं घर आबा आणि मावशींचं. त्यांच्या परसामागे चढ सुरू होतो, आणि तिथेच पोरांना जमिनीत भेग सापडली. लांबच लांब, बोटभर रुंद, डोंगराला समांतर. गाण्यातलं उत्तर सापडल्यासारखी माझी फौज मला ओढत घेऊन गेली. आम्ही भेगेच्या अलीकडे एक खुंटी ठोकली, पलीकडे एक, आणि मधे सुतळी बांधली. डोंगर सरकला तर सुतळी ताणली जाईल, फारच सरकला तर तुटेल. इतकं सोपं यंत्र, आणि फुकटात! मी खूश.

दुसऱ्या दिवशी पाहते तर वरच्या खुंटीला आबांचं रेडकू बांधलेलं.

"आबा, ही शाळेची खुंटी आहे."

"मग काय झालं? रेडकू बी शाळंच्याच वयाचं हाय."

मी हसले. हसण्यासारखंच होतं. पण दोन दिवसांनी सुतळी तुटली आणि आबांनी हात झटकले. "रेडकानं हिसडा दिला असंल. तुमचा डोंगर कशाला सुतळ्या तोडतोय?" रेडकू माझ्याकडे बघत रवंथ करत होतं. साक्षीदार असा की उलटतपासणी घेता येईना.

त्याच सुमाराला मावशींची सून भोरच्या सरकारी दवाखान्यातून बाळ घेऊन आली. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. पाचवीच्या पूजेला पाहुणे येणार, म्हणून मावशींनी घर-अंगण-परस सारवायला काढलं. आणि उघडीप मिळताच त्यांनी काय करावं? ती भेगही चिखलाने लिंपली आणि वरून शेणाने सारवली! परसाच्या टोकापर्यंत, बोटांच्या कमानीसकट. मी बघतच राहिले.

"मावशी, अहो ती भेग आम्ही मोजत होतो."

"भेग दिसती कशी पावण्यारावळ्यांत? म्हनतील, हिला सारवाया येत न्हाई. आता बगा, वर्सभर हालायचं न्हाई."

खोटं नव्हतं ते. मावशींच्या सारवणाला तडा जात नाही ही वाडीतली ख्याती होती. लग्नघरी त्यांना मुद्दाम बोलवायचे.

पाचवीच्या दिवशी दुपारी पोरं धावत आली. वरचा झरा लाल झाला होता. मी छत्री उघडायचंही विसरून परसात गेले. सारवण मधोमध उभं फाटलं होतं. एक काठ वर, एक खाली, मधे माझा हात गेला असता. बोटांची कमान अर्धी या काठावर, अर्धी त्या काठावर.

मी मावशींना हाताला धरून तिथे आणलं. आबाही मागून आले.

"रेडकू फिरलं असंल त्याच्यावरनं," आबा म्हणाले.

मावशी खाली बसल्या. काठावरून बोट फिरवलं, आत डोकावल्या. मग आबांकडे न बघता म्हणाल्या, "गप ऱ्हावा. रेडकाचा खूर मला कळत न्हाई व्हय? माझं सारवण आपसूक फाटत न्हाई. ही भुईच गेलीया खाली."

त्या उठल्या आणि घरात गेल्या. मागचं दार लावायला गेल्या तर ते चौकटीत अडलं. त्यांनी दोनदा ढकललं, मग सोडून दिलं. आत बाळ रडत होतं.

"शाळेत चला," मी म्हटलं. "आत्ता. उजेड आहे तोवर."

आणि इथे गाडी अडली. बाळ आणि बाळंतीण त्या रात्री घराबाहेर? पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. पाटा मांडलेला, कोरा कागद आणि पेन ठेवलेलं, दिव्यात तेल भरलेलं.

"सटवाई हितं येनार," मावशी म्हणाल्या. "घर रिकामं बगून मागारी गेली तर? पोराचं कपाळ कोरं ऱ्हाईल की वो. एकदा का कोरं ऱ्हायलं..."

त्यांना डोंगर कळला होता. सटवाईचं भय त्याहून मोठं होतं. आता यावर भूशास्त्र काय सांगणार? भेगेची रुंदी? मी आयुष्यभर नाटकं केली, ती बहुधा या एका वाक्याच्या तालमी होत्या.

"मावशी, सटवाई येते कशाला?"

"ल्ह्यायला."

"मग लिहायला येणारी बाई आधी शाळेत जाईल का घरात? खडू तिथे, फळा तिथे, दिवा मी लावते. आणि शाळा नाहीच सापडली तिला, तर मी दारात उभी राहते. हजेरी घेऊनच आत सोडीन."

सून तोंडाला पदर लावून हसली. पाच दिवसांच्या ओल्या बाळंतिणीचं ते हसू मावशींनी पाहिलं आणि काय झालं कोण जाणे, पाटा उचलून डोक्यावर घेतला. "चला. आवो, ते रेडकू सोडा!"

त्या संध्याकाळी फळ्याखाली पाचवी पुजली. खालच्या घरांतली माणसंही एकेक करून अंथरुणं घेऊन आली. कोणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पोरांना गाणं म्हणू नका असंही सांगावं लागलं नाही.

पहाटे उजाडता उजाडता डोंगर खाली आला. मला वाटलं होतं गडगडाट होईल. परातीतल्यासारखाच आला. एक लांब सुस्कारा, मग झाडं मोडल्याचा आवाज, मग ओल्या मातीचा वास. धुकं हललं तेव्हा वरच्या घराच्या जागी लाल उतार होता. घराचा पत्रा कुठल्या कुठे, खाली भातखाचरात.

माणसं सगळी शाळेच्या पडवीत उभी होती. रेडकूसुद्धा. आबांनी टोपी काढून हातात धरली होती.

मावशी नातवाला घेऊन माझ्याशेजारी आल्या. त्याचं कुंची घातलेलं कपाळ त्यांनी उजेडाकडे वळवलं, बराच वेळ निरखलं.

"बाई, रातच्याला आली असंल ना वो ती? हितं?"

"आली की. माझ्यासमोरून गेली."

"मग काय लिवलं असंल?"

"सटवाईचं अक्षर, मावशी. ते कधी कोणा मास्तरणीला लागलंय?"

त्या हसल्या नाहीत. त्या वर बघत होत्या. उतार जिथे तुटला होता त्याच्याही वर डोंगराचा आणखी एक मोठा तुकडा तसाच उभा होता, आणि त्याच्या पायातून लाल पाणी झिरपत होतं. मी डबा तसाच सोडला, पोरांना रांगेत उभं केलं आणि म्हटलं, "चला, रस्त्यापर्यंत. गाणं नको. कान उघडे ठेवा."