धूर त्यांचा, गायरान आमचं

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमचा तांडा आहे. तांड्यामागे गायरान आहे. माझ्या याडीची, म्हणजे आईची, सहा शेरडं तिथंच चरायची. बारावीपर्यंत शिकलेली बाई तांड्यात मी एकटीच, म्हणून कुठलाही कागद वाचायला माझ्याकडे येतो. गायरान झाडं लावणाऱ्या कंपनीला द्यायचा कागद मात्र आला नाही. ग्रामपंचायतीत त्यावर परस्पर सह्या झाल्या.

आम्हाला कळलं ते थेट काम निघालं तेव्हा. उन्हाळा होता, शेतात काही नव्हतं. कंपनीचे साहेब गाडीतून आले आणि म्हणाले, इथं झाडं लावायचीत, बायांना रोजानं काम मिळेल. आधी यंत्रानं बोरी, हिवर, पळस उपटले. मग त्याच जागी आम्ही निलगिरीसाठी खड्डे खोदले. मीही खोदले, ते लपवत नाही.

याडीनं साहेबांना विचारलं, "झाडं लावायला झाडं काहून तोडून राहिले?"

"ती झुडपं होती, मावशी." मग त्यांनी समजावलं. परदेशात एक मोठी कंपनी आहे, तिच्या कारखान्यांतून धूर निघतो. ही झाडं तेवढा धूर शोषून घेणार, म्हणून खर्च ती कंपनी करते.

"मग तिनं धूरच कमी करावा की," याडी म्हणाली. साहेब नुसते हसले.

पावसाळ्यात रोपं लागली आणि भोवती काटेरी तार आली. राखणदार शेरडांना आत जाऊ देईना. याडी त्यांना डांबरी रस्त्याच्या कडेनं चारू लागली. तिथंच एक गाभण शेळी ट्रकखाली गेली. याडी तिला उचलून घरी घेऊन आली. ते मला आजही सहन होत नाही.

दिवाळीनंतर साहेबांचा निरोप आला की झाडांच्या तपासणीला परदेशातून एक बाई येणार आहे. बायांनी फेटिया-कांचळी घालून, नाचून तिचं स्वागत करायचं. तो जुना घागरा-चोळीचा पोशाख तांड्यात आता दोन-तीन म्हाताऱ्याच घालतात. आम्ही रोजच्या साड्यांत गेलो आणि शेरडं सोबत नेली.

बाईनं दुभाष्यामार्फत विचारलं, या झाडांनी तुमच्या जगण्यात काय फरक पडला?

मी म्हणाले, "चारा गेला. सरपण गेलं. बोरं विकून लेकरांच्या वह्या यायच्या, त्या गेल्या. अन् आमाला कोणी विचारलं न्हाई."

दुभाष्यानं एकच वाक्य सांगितलं. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण त्यातलं 'हॅपी' मला कळलं.

"मी खुश आहे असं बोललेच न्हाई," मी म्हणाले. "बराबर सांगा."

त्यानं साहेबांकडे पाहिलं. मग खाली मान घालून सगळं नीट सांगितलं. बाई लिहीत राहिली.

याडी म्हणाली, "तिला विचार, तिच्या गावचं गायरान कोणाला दिलं?"

दुभाष्यानं तेही सांगितलं, तेव्हा बाईचं पेन थांबलं. अहवालात लिहीन, एवढं सांगून ती गेली.

दोन महिने काही झालं नाही. ग्रामसभा घ्या म्हणून मी अर्ज दिला, त्याची पोचही मिळाली नाही. मग एका सकाळी आम्ही अकरा जणी गेलो आणि तांड्याच्या बाजूची तार कापली. रोपांना हात लावला नाही, त्यांचा काय गुन्हा? शेरडं आत गेली.

दुपारी पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. जमादारांनी विचारलं, "कोणी भरीस घातलं तुम्हाला?"

"कोणी न्हाई. आमचं आमी गेलो," याडी म्हणाली.

"तुम्ही शिकलेल्या दिसता," ते मला म्हणाले. "माफीनामा लिहून द्या, मिटवून टाकू."

मी लिहिलं: गायरान गावाचं आहे, ते देताना ग्रामसभा झाली नाही, म्हणून तार आम्ही कापली. खाली चार सह्या आणि सात अंगठे.

जमादारांनी कागद दोनदा वाचला. "यात माफी कुठं आहे?"

"न्हाई," मी म्हणाले.

गुन्हा दाखल झाला. तारखांना आम्ही हिंगोलीला जातो, अकराच्या अकरा. कंपनीनं तार एकदा परत जोडली, आम्ही ती परत कापली. तिसऱ्यांदा जोडायला अजून कोणी आलेलं नाही. आलं तर आम्ही आहोतच.