चुकीचं सांगणारे साडभाऊ

आख्ख्या चंद्रपूर-गडचिरोलीत आमच्या साडभाऊंइतकं, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या यजमानांइतकं, बिनदिक्कत खोटं बोलणारा, आणि खोटं पकडलं गेलं की इतका खूश होणारा दुसरा माणूस नाही. घरी पाहुणा आला की चहाबरोबर "चंद्र सूर्याहून मोठा" असं ठेवून देतात. पाहुणा भिडेपोटी मान डोलावतो आणि साडभाऊंचं तोंड उतरतं.

विज्ञानाचे मास्तर म्हणून रिटायर झाल्यावर कामही असंच मिळालं. प्राथमिक शाळांतल्या हुशार पोरांसाठी एक संस्था रविवारी विज्ञानवर्ग चालवते. कुठला वर्ग ठेवायचा, कुठला बंद करायचा, ते साडभाऊंनी तपासून सांगायचं. गाडी चालवता येत नाही, म्हणून मागे ते, पुढे मी. पोरांची पाठ केलेली उत्तरं ते ऐकतच नाहीत. स्वतः प्रयोग करतात, धडधडीत चुकीचं सांगतात आणि कोणी टोकतं का, याची वाट पाहतात. टोकलं तर वर्ग राहिला, नाहीतर बंद. आता आपल्याकडे मोठ्या माणसाला टोकायची रीत आहे का? गडचांदूरला पोरांनी टाळ्या वाजवल्या. साडभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

चामोर्शीचा वर्गही बुडाल्यातच जमा होता. तिथल्या बाईंनी तो जीव ओतून उभा केलेला, पण पोरांना बजावून ठेवलं होतं, "साहेबासमोर उलटून बोलाचं नाई." झालं! साडभाऊंनी मिठाच्या पाण्यात बियाण्याचं धान टाकलं. काही दाणे बुडाले, काही तरंगले. "तरंगले ते चांगले, तेच पेरायचे," ते गंभीरपणे म्हणाले. सारी धानवाल्यांची पोरं, पण एकही हूं की चूं करेना. साडभाऊ चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ झाला तरी पुसतच होते. बाईंकडे पाहून मलाच कसंतरी झालं.

तेवढ्यात मागची एक चिमुरडी उठली. "सर, आमच्या घरी तरंगते ते फेकून देते. पण तुमी म्हणून राह्यले, त दोनी पेरून पाहू ना."

बाईंनी डोळे वटारले. साडभाऊंनी तिथल्या तिथे दोन कुंड्या मागवल्या. परतताना रस्ताभर माझ्या पाठीवर थापा मारत होते, "पेरून पाहू म्हणे, भाऊ!" वर्ग वाचला.

यंदा पुन्हा चामोर्शीला गेलो. साडभाऊ आता थकलेत, नावं विसरतात. बोलता बोलता म्हणाले, "कोळ्याला पाय सहा." सगळा वर्ग एका दमात ओरडला, "आठ, सर!" आणि पोरं कोपऱ्यातल्या जाळ्याकडे मोजायला धावलीसुद्धा. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

गाडीवर बसताना साडभाऊ हळूच म्हणाले, "भाऊ, या बारीले मी मुद्दाम नाई चुकलो."

मी उगाच आरसा नीट केला. किक मारली तसे मागून म्हणाले, "असू द्या. आता पोरं आहेत ना सांगाले."