आधी माझ्या अंगाला

"पदर बाजूला कर, बघू दे."

परसातल्या धुण्याच्या दगडापाशी उभी करून बाईसाहेबांनी मला पोट उघडं करायला लावलं. भर सकाळी. पोट आन् छाती लालभडक, पुरळ चिघळलेलं. बाईसाहेब चार हात लांब राहून वाकून बघत होत्या, बाजारात गाईची कास बघतात तशा. मला वाटलं, आता काहीतरी औषध देतील. त्यांनी मान वळवून घरात लेकीला सांगितलं, "हिला उठलंय गं. तू लावू नकोस ते मलम."

त्यांची लेक सात महिन्यांची पोटुशी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला मी ताई म्हणायची. तिच्या अंगाला तेल लावायचं माझं काम. आजी, आई, सगळ्या ह्याच कामातल्या. आम्हा मांगवाड्यातल्या बायकांचे हात शाहूपुरीतल्या कितीतरी घरांत चालायचे, पोटुशीचे पाय चोळायला, बाळंतिणीला शेकायला. हात चालायचे, वाटी शिवायची न्हाई. बाईसाहेब तेलाची वाटी वर धरायच्या आन् माझ्या ओंजळीत वरनं धार सोडायच्या. लेकीचं अंग मी शिवायची, वाटी न्हाई. काम झालं की ताई न्हाणीत. ह्यातलं गणित मला कधी कळलं न्हाई, आन् विचारायची टाप नव्हती.

दुष्काळ सरून दोन सालं झालती. माझी सुमी तीन महिन्यांची, अंगावर पिणारी. ताईच्या पोटावर चरे उठाय लागले, कातडं ताणून पडतात तसल्या रेघा. ताई रडायची. मी म्हटलं, रडू नगा, सगळ्यांनाच येतात, माझं पोट बघा की, नांगरल्यागत झालंय. तेवढंच बोलले. तीच माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी मलमाची ट्यूब खोक्यासकट माझ्या हातात दिली. जावयानं मुंबईहून धाडलेली. हातात दिली, वरनं टाकली न्हाई! तुझ्याबी रेघा जातील, म्हणाल्या, पोटाला लाव, छातीला लाव, आठ दिवसांनी दाखव.

मी येडी. घरी जाताना कळंब्याच्या वाटेला नाचायचं तेवढं बाकी राहिलं. वस्तीत दहा जणींना खोकं दाखवलं. सासू म्हणाली, दिसतं तसं नसतं बाई. मला तिचा राग आला.

चौथ्या दिवशी आग सुरू झाली. तरी थांबले न्हाई. एवढं मुंबईचं औषध, वाईट कसं असंल? सहाव्या दिवशी सुमीच्या ओठांभोवती फोड आले. तोंडात घ्यायची आन् किंचाळून सोडायची. दूध पदरात झिरपतंय आन् लेकरू उपाशी. सासूनं दृष्ट काढली. मी नुसती मांडीवर हलवत बसले.

म्हणून त्या सकाळी परसात बाईसाहेब "हिला उठलंय" म्हणाल्या, तेव्हा सगळं उमगलं. तरी पदर सावरला, आत गेले, ओंजळ पुढं केली आन् ताईचे पाय चोळून आले. ह्याची लाज मला अजून वाटते.

तिथनं घरी येऊन सुमीला उचललं आन् सरकारी दवाखाना गाठला. नर्सबाईंनी खोकं उलटंपालटं केलं. "तुला वाचता येतं का?" मी न्हाई म्हटलं. "ह्यावर इंग्रजीत लिहिलंय. पोटुशी बाईनं आणि अंगावर पाजणारीनं लावू नये."

बाईसाहेब मॅट्रिक झालेल्या. ताई कॉलेजात गेलेली.

नर्सबाई बऱ्या होत्या. मलम टाकून दे, म्हणाल्या, छाती बरी होईस्तवर दूध पिळून वाटी-चमच्यानं पाज. चरे कुठल्याच मलमानं जात न्हाईत, आपोआप फिके पडतात. पोटाला खाज सुटली तर साधं खोबरेल लाव, छातीला काही लावू नको. एवढंच. एवढं सांगायला मला आधी कुणी भेटलं नव्हतं.

सुमीनं परत छातीला तोंड लावलंच न्हाई. पंधरा दिवसांत दूध आटलं. मग पाणी घातलेलं गाईचं दूध. पोरगी काडीगत झाली. कुणाकडं जायचं? काय सांगायचं? आन् चूल पेटायला पायजे म्हणून ते पंधरा दिवस मी त्याच घरी तेल लावत होते.

छातीत थेंब राहिला न्हाई, त्या सकाळीबी बाईसाहेबांनी वाटी वर धरली. मी हात मागं घेतले. धार फरशीवर पडली.

"हात कुठाय तुझा? पूस ते."

"खोक्यावरचं तुम्ही वाचलं होतं, बाईसाहेब."

त्यांनी वाटी खाली ठेवली. ताई पाटावर खाली मान घालून बसलेली.

"तुमच्या लेकीचं कातडं, आन् माझं काय फडकं हाय? फरशी तुम्हीच पुसा."

मी निघून आले. शाहूपुरीत माझं नाव तोंडाळ म्हणून झालं आन् एकेक दार बंद झालं. सुमी जगली, पण अंगानं कायमची हडकुळी राहिली. तिच्याकडं बघितलं की मला बाईसाहेबांचा न्हाई, त्या पंधरा दिवसांचा राग येतो.

आता कुणी कामाला बोलावलं तर उंबऱ्यावरच सांगते. बाटली माझ्या हातात द्यायची. आन् नवीन काही आणलं असंल, तर ते आधी माझ्या अंगाला लावायचं न्हाई. माझं अंग माझ्या लेकरासाठी हाय.