मामांचे वीस यार्ड

माझ्या सात नंबरच्या काठीने चेंडू दीडशे यार्ड जातो, असं मी सात-आठ वर्षं लोकांना सांगत होतो. कोणी विचारलेलं नसतानाही सांगत होतो. गोल्फ न खेळणाऱ्याला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, म्हणून थोडं समजावतो. आमच्या पिशवीत लोखंडी तोंडाच्या काठ्या असतात आणि त्यांना नंबर असतात. नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. दीडशे यार्डांवरून ग्रीनवर, म्हणजे जिथे झेंडा असतो त्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू चढवायला कोण कितवा नंबर काढतो, यावर आमच्यात माणसाची पत ठरते. सात काढणारा गडी, पाच काढणारा म्हातारा. मी सातवाला होतो, निदान बोलण्यात.

हा खेळ माझ्या वाट्याला उशिरा आला. मुलुंडला राहणारा, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागून मॅनेजर झालेला मी माणूस. आमच्या घराण्यात विटीदांडूच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. पन्नाशीत कंपनीने क्लबचं सदस्यत्व दिलं आणि मी दर शनिवारी सकाळी तिघा दोस्तांबरोबर खेळायला लागलो. ते तिघेही माझ्यासारखेच, उशिरा शिकलेले आणि लवकर बोलायला लागलेले. पहिल्या वर्षी अठरा होल, म्हणजे अठरा झेंडे, पुरे करताना मी शंभर फटक्यांच्या आत एकदाही आलो नाही. चिडून काठ्या आपटायचो. माझा स्वभाव तापट आहे हे घरचे आधीपासून सांगत होतेच, मैदानावर ते परक्यांनाही कळलं.

मग मला मामा मिळाले. मामा कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलायची, चेंडू शोधायचा, अंतर सांगायचं, असं त्यांचं काम. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हे विशीत मैदानावर बॅगा उचलायला आले आणि तिथलेच झाले. राहायला कांजूरमार्गला. सगळा क्लब त्यांना मामा म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. त्या मैदानातला प्रत्येक चढ-उतार त्यांच्या पायांना ठाऊक होता. मामांनी अंतर सांगितलं की पुन्हा मोजायचं नाही, असा त्यांचा लौकिक होता.

"झेंड्याकडे बघू नका साहेब," ते मला सांगायचे. "झेंडा लबाड असतो. ग्रीनच्या पोटात मारा." झेंडा वाळूच्या खड्ड्याला चिकटून लावलेला असला की माझे हात शिवशिवायचे, आणि मामा मधल्या भागाकडे बोट दाखवून उभे राहायचे. चेंडू झाडीत गेला तर दोन खोडांच्या फटीतून मारायचा मोह मला व्हायचाच. "हिरोगिरी नको. बाजूला काढा. पाच फटके आले तर पाच, आठ नको." तळ्यावरून उडवण्याऐवजी तळ्याच्या अलीकडे चेंडू ठेवायला त्यांनीच शिकवलं. मी कुरकुरत ऐकायचो, पण ऐकायचो.

एक गोष्ट मात्र गमतीची होती. दीडशे यार्डांची खूण असलेल्या खांबाजवळ चेंडू पडला तरी मामा म्हणायचे, "एकशे सत्तर धरा साहेब, चढ आहे." कधी वारा समोरून असायचा. मे महिन्यात झाडाचं पान हलत नसताना मामांना वारा लागायचा. कधी झेंडा मागे लावलेला असायचा, तर कधी तो खांबच माळ्याने चुकीच्या जागी ठोकलेला असायचा. एकशे सत्तर म्हटल्यावर मी पाच नंबर काढत असे आणि चेंडू ग्रीनच्या मध्यावर जाऊन बसत असे. "झकास साहेब!" मामा म्हणायचे आणि काठी पुसून ठेवायचे.

पाच वर्षांत माझा हँडिकॅप सव्वीसवरून सतरावर आला. हँडिकॅप म्हणजे आदर्श खेळापेक्षा आपण साधारण किती फटके जास्त घेतो त्याचा आकडा, तो कमी तितकं बरं. मी नाश्त्याच्या टेबलावर प्रवचनं द्यायला लागलो. ताकद नाही, डोकं लागतं रे, वगैरे. नव्या मेंबरांना कागदी रुमालावर ग्रीन काढून दाखवायचो. ते डोकं कोणाचं होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

साठीला मुलीने अंतर मोजायचं लेझर भेट दिलं. दुर्बिणीसारखं ते डोळ्याला लावून झेंड्याकडे रोखलं की आत आकडा उमटतो. त्या शनिवारी मी ते मुद्दाम गळ्यात घालून गेलो. दुसऱ्या होलवर मामा म्हणाले, "एकशे पासष्ट." मी यंत्र लावलं, एकशे शेहेचाळीस. मला वाटलं, यंत्रच लावायला चुकलो असेन. चौथ्यावर पुन्हा वीसचा फरक, सहाव्यावर पुन्हा. माझं डोकं तापत चाललं होतं. या माणसाला अंतर कळत नाही आणि मी आंधळ्यासारखा त्याच्यावर विसंबून आहे, एवढंच मनात घोळत होतं.

आठव्या होलवर तळं आहे. मामा म्हणाले, "झेंडा मागे आहे साहेब, एकशे सत्तर धरा." यंत्रात एकशे एकोणपन्नास.

"मामा, तुम्हाला दिसतं का?" मी ओरडलो. तिघे दोस्त वळून बघायला लागले. "हे बघा, एकशे एकोणपन्नास! इतकी वर्षं काय वाट्टेल ते सांगत होतास मला?"

रागात मी अहोचं अरे केलं होतं, ते माझ्याच कानांना ऐकू आलं, तरी मी थांबलो नाही.  मामांनी तिघांकडे एकदा बघून मान खाली घातली. "चुकलं साहेब," ते म्हणाले.

मी सात नंबर मागितला. त्यांनी तो पुसून दिला. चेंडू वीस यार्ड आधीच पाण्यात पडला. "तुझ्यामुळे डोकं फिरलं!" मी म्हणालो. दोस्तांपैकी एकजण हसत म्हणाला, "मामांचे डोळे तपासून घ्या रे कोणीतरी."

घरी जाण्याआधी मी कॅडींचं वाटप करणाऱ्या सुपरवायझरला सांगितलं, की मामांना आता अंतर दिसत नाही, मला दुसरा कॅडी द्या. वाक्य साधं होतं. मी ते तावातावाने म्हणालोही नाही, उलट जरा हळहळूनच म्हणालो. पण ज्या कॅडीला दिसत नाही त्याला बॅग कोण देणार? पंधरा दिवसांत सगळ्या मेंबरांना कळलं. मामा रोज पहाटे येऊन बाकावर बसायचे आणि उन्हं चढल्यावर निघून जायचे. मी समोरून जायचो तेव्हा ते उठून उभे राहायचे. तीन महिन्यांनी बाक रिकामा दिसला, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

माझा खेळ मात्र बसला. अंतर अगदी अचूक कळत होतं आणि चेंडू दर वेळी आखूड पडत होता, कधी पुढच्या वाळूत, कधी पाण्यात. वर्षभरात हँडिकॅप बावीसवर गेला. काठ्या बदलल्या, हातमोजा बदलला, कंबरदुखीला दोष दिला. शेवटी अंधेरीला एका इमारतीत पडद्यावर चेंडू मारून शिकवणाऱ्या मुलीकडे गेलो. तिच्याकडे प्रत्येक फटक्याचं अंतर सांगणारं यंत्र होतं. सात नंबरचे दहा फटके मारून झाल्यावर ती म्हणाली, "सर, तुमचा सात नंबर एकशे तीस जातो."

"यंत्र चुकलं असेल," मी म्हणालो. तिने स्वतः मारून दाखवलं. यंत्र बरोबर होतं.

रिक्षात बसल्यावर मी बोटांवर हिशेब केला. दीडशेला एकशे सत्तर, एकशे शेहेचाळीसला एकशे पासष्ट. मामा दर वेळी माझ्या बढाईचे वीस यार्ड अंतरात मिळवत होते, म्हणजे मी आपल्या हाताने बरोबर काठी काढेन. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही. "आपल्या हॉलमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे, तुला माहीत आहे का?" ती म्हणाली. "तू वेळेवर निघावंस म्हणून मीच ते पुढे करून ठेवलंय." मला ते माहीत नव्हतं. 

दुसऱ्या एका कॅडीकडून कळलं, की मामा दिंडोशीला एका वसाहतीच्या गेटवर वॉचमन आहेत. रविवारी सकाळी गेलो. रिक्षातून उतरलो, रस्ता ओलांडायच्या आत पलीकडून हाक आली, "साहेब!" मी चष्मा पुसून बघितलं तेव्हा कुठे मामा दिसले. तेवढ्यात वळणावर एक गाडी आली. ती गेटपाशी पोचण्याआधीच त्यांनी तिचा नंबर वहीत लिहिला. मला तिथून ती गाडी कोणती तेही कळत नव्हतं.

"तुम्ही इलात, बरां वाटलां," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. मी बसलो नाही.

"मामा, माझा सात नंबर एकशे तीसच जातो."

"अठ्ठावीस," मामा म्हणाले. "थंडीत पंचवीस."

मला हसू आलं. "मग तेव्हा सरळ सांगायचं ना मला."

"सांगितलं होतं की. पहिल्याच शनिवारी. सात नको, पाच घ्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, मामा, तुम्ही बॅग सांभाळा. पुढच्या होलला परत सांगितलं, परत तेच. मग म्हटलं, साहेब काठी बदलत नाय, तर आपण यार्ड बदलूया."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आणि तळ्यापाशी? मी एवढं बोललो, तेव्हा तरी बोलायचं."

"तुमच्या तीन दोस्तांसमोर काय सांगू? साहेबांचा फटका जात नाय म्हणून?"

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली, पण त्यांना काहीतरी बोलायचं होतं. वहीची पानं चाळत ते म्हणाले, "बारा तास खुर्चीत बसून पाय सुजतात ओ. मी चालणारा माणूस. सुपरवायझरला एकदा सांगाल? डोळे बरे आहेत म्हणून? मेंबरच्या शब्दाने गेलो, मेंबरच्या शब्दाने परत घेतील."

"या शनिवारी सांगतो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर सांगतो." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी त्यांना फोन नंबर दिला, त्यांचा घेतला.

शनिवारी मी ठरवून लवकर गेलो, पण दोस्त माझ्याही आधी आले होते. मी काउंटरपाशी गेलो तेव्हा तिघेही माझ्या मागे उभे होते. मी सुपरवायझरला सांगितलं, "मामांना परत बोलवा. मी भेटून आलो. डोळे एकदम चांगले आहेत त्यांचे."

"डोळे चांगले आहेत तर अंतरं कशी चुकायची, सर?" त्याने विचारलं. त्याचं काहीच चुकत नव्हतं, तो सरळ विचारत होता.

"हो ना रे," मागून एकजण म्हणाला. "वीस-वीस यार्ड चुकायचे. तूच तर पकडलंस!"

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मामा चुकत नव्हते, माझाच फटका जात नाही, ते मला सांभाळून घेत होते. एवढंच म्हणायचं होतं. तिघे थोडे दिवस हसले असते आणि विसरले असते. मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं.

"वयोमानाने विसरत असतील," मी म्हणालो. "डोळे मात्र चांगले आहेत हं."

सुपरवायझरने मान हलवली. "मग कसं घेणार, सर?" तो म्हणाला, आणि त्याने माझ्या बॅगेसाठी दुसऱ्याचं नाव पुकारलं. आम्ही खेळायला गेलो.

सोमवारी मामांचा फोन आला. मी उचलला नाही. बुधवारी पुन्हा आला, तोही नाही. त्यानंतर आला नाही. आता मी यंत्रात अंतर बघतो, मनातल्या मनात वीस मिळवतो आणि ग्रीनच्या पोटात मारतो. हँडिकॅप पुन्हा सतरावर आला आहे. परवा नाश्त्याला एका नव्या मेंबरने मला विचारलं, तुम्ही हे सगळं कोणाकडून शिकलात, आणि मी म्हणालो, असंच, अनुभवाने.